ज्याची गोधडी, त्याचा टाका

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गोधडीची घडी. दिवे लागायची वेळ होती. दोन कोपरे तिच्या हातात, दोन माझ्या. ती सैपाकघराकडे, मी दाराकडे.

"तुमच्याकडचा कोपरा ढिला पडून राहिला जी," ती म्हणाली.

मी ताणला.

"इतका नाही. काय फाडता का?"

मी ढिला सोडला.

"आता पाहा, मधात झोका झाला. लेकरू टाकता का त्याच्यात?"

हे आमचं रोजचं होतं. माझं अर्धं आयुष्य मागावर कपडा ताणण्यात गेलं, आणि ही बाई मला कपडा कसा ताणायचा ते शिकवायची. मी शिकायचोही. मग ती चालत माझ्यापाशी आली, तिचे दोन कोपरे माझ्या हातात दिले, खाली लोंबणारी बाजू वर उचलली आणि म्हणाली, "सोडा आता. जा." गोधडी पेटीवर गेली. गोधडीवर लाल साबणाची एक जुनी वडी. त्या वडीत उद्याच्या सुया मी दोरा ओवून खोचून ठेवल्या होत्या. साबणातली सुई कपड्यातून सरसर जाते. तिला जवळचं दिसत नव्हतं, म्हणून ओवायचं काम माझं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं चहा मांडला आणि ओट्याला टेकून खाली बसली. मला वाटलं साखरेचा डबा शोधते. चहा उतू गेला तरी उठली नाही. गॅस मी बंद केला. डॉक्टर आले, म्हणाले हृदय बंद पडलं. मी म्हटलं, ते मलेही दिसून राहिलं.

तिचं नाव चंद्रकला. तांडापेठेत आमच्या गल्लीत तिला सगळे गोधडीवाली काकू म्हणायचे. गोधडी तिनं एकही विकली नाही, तरी नाव असं पडलं. मी गोधडीवालीचा नवरा. माझ्याबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे. विणकराच्या घरचा. घरात माग होता, त्यावर मालकाच्या सुताची लुगडी विणली. लुगडी नेसणाऱ्या बाया कमी झाल्या, माग विकला, मग बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात लागलो. तिथं मशीन विणायची आणि मी तिच्याकडे पाहत उभा राहायचो. शिक्षण चौथी. लिहितो ते मास्तरनं छडीनं शिकवलं तसं लिहितो, बोलतो ते घरचं बोलतो.

चंद्रकलाची एक खोड होती. ती माणसाच्या तोंडाकडे पाहायची नाही, अंगावरच्या कपड्याकडे पाहायची. कोणी बाई घरी आली की "ये वं, बस" म्हणता म्हणता तिच्या पदराचा काठ दोन बोटांत धरायची आणि चोळून पाहायची. लग्नात गेली की हेच. एकदा तर नवरीच्या आत्याचा पदर धरून म्हणाली, "बाई, साडी लय मऊ झाली तुही. फाटली की मले सांगजा." ती आत्या जेवायला दुसऱ्या पंगतीत जाऊन बसली. मी म्हटलं, "लोकाच्या लग्नात असं बोलतात का वं?" तर म्हणे, "काहून? साडी कधी ना कधी फाटनच की नाही?" गल्लीतल्या बाया म्हणायच्या, चंद्रकलाबाईनं काठ चोळला म्हणजे त्या साडीचं आता खरं नाही.

आमच्या घरात मी विणणारा आणि ती फाडणारी. जुनी साडी मिळाली की ती भिंतीला टेकून बसायची, पाय लांब करायची, काठाला कात्रीनं एक खाच द्यायची आणि दोन्ही हातांनी ओढायची. टर्रर्र. सुती कपडा आडव्या धाग्याच्या रेषेत सरळ फाटतो. कात्रीही इतकी सरळ जात नाही. हे मला कोणी सांगायची गरज नाही, तो आडवा धागा मागावर इकडून तिकडे धोटा फेकून एकेक करून मीच घातलेला असतो. पण तो आवाज मला सहन होत नाही. अजूनही नाही. ज्यानं कधी विणलं नाही त्याला हे समजणार नाही. ती कात्री शोधायला लागली की मी चप्पल घालायचो आणि कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर जाऊन बसायचो. पानठेलेवाला विचारायचा, "काय काका, फाडून राहिल्या का काकू?" मी म्हणायचो, "हव. अर्धा घंटा बसतो."

पेटीत तळाशी एक लुगडं होतं. वांगी रंगाचं, लाल काठाचं. लग्नानंतर पहिल्या वर्षी मी तिच्यासाठी विणलं होतं, मालकाच्या सुताचं नव्हे, माझ्या सुताचं. तिनं ते विरेपर्यंत नेसलं, मग धुऊन, घडी करून पेटीत टाकलं. दरवर्षी दिवाळीची साफसफाई निघाली की ते बाहेर यायचं.

"हे फाडू का जी?"

"फाडून तर पाह्य."

"लय मऊ आलं. पोट्ट्याच्या गोधडीत टाकलं असतं."

"फाडून पाह्य म्हटलं ना एक डाव."

"ठेवा मंग. पेटीतला कपडा घडीवर मरते. थ्याले कोणी फाडा लागत नाही."

आणि परत घडी करून तळाशी. पण घडी दरवर्षी बदलायची, जुन्या घडीवर कधी घातली नाही. हे माझ्या नंतर लक्षात आलं.

तिच्या गोधडीचे दोन नेम होते. कोणी घालून दिले माहीत नाही, तिच्या आईचे असतील. पहिला नेम, ज्याची गोधडी त्याच्या घरच्या माणसाचं कापड तिच्यात पाहिजे. शेजारच्या मंदाबाईला नातवासाठी गोधडी पाहिजे होती. ती इतवारीच्या बाजारातून नवं कोरं कापड घेऊन आली, फुलाफुलाचं. चंद्रकलानं काठ चोळला.

"हे कोणाचं होय?"

"कोणाचं म्हणजे? दुकानातून आणलं."

"मंग दुकानदाराच्या नातवाले दे."

मंदाबाई रागारागानं गेली आणि संध्याकाळी सासूचं जुनं लुगडं घेऊन परत आली. त्या सासूशी तिचं जन्मभर पटलं नाही. त्या गोधडीत नातू मात्र असा झोपायचा की दुपारी उठवावं लागायचं. मंदाबाई म्हणायची, "बुढीनं मले कधी झोपू देलं नाही, पोट्ट्याले झोपोते."

आमचा मुलगा प्रशांत, त्याला त्याच्या साहेबाला गोधडी भेट द्यायची होती. साहेब ती दिवाणखान्यात भिंतीवर टांगणार होता. चंद्रकलानं विचारलं, "त्याच्या भिंतीले थंडी वाजून राहिली का?" गोधडी मिळाली नाही. प्रशांतनं साहेबाला संत्र्याची पेटी दिली.

दुसरा नेम, शेवटचा टाका ज्याची गोधडी त्यानं घालायचा. ती सगळी गोधडी शिवायची आणि अगदी मधोमध एका टाक्याची जागा सोडायची. नातीच्या बारशाला त्या एवढ्याशा बोटांत सुई धरून, वरून स्वतःचा हात धरून टाका घातला होता. पोरगी रडली, टाका वाकडा आला, तो तसाच आहे. माझा मेहुणा पवनीचा. त्याच्यासाठी गोधडी शिवली, तर तो म्हणाला, "मी बाप्पा माणूस होय. सुई धरू का आता?" तिनं म्हटलं, "नको धरू." गोधडीची घडी केली आणि परत पेटीवर ठेवली. मेहुणा पवनीला गेला. कडाक्याच्या थंडीत एक दिवस पहिल्या बसनं आला, कानाला मफलर, नाक गळून राहिलं. साबणातून सुई काढली, टाका घातला, गोधडी बगलेत मारली आणि चहा न घेता गेला. चहाला थांबला असता तर ती काहीतरी बोलली असती, हे त्याला माहीत होतं.

आता वैशालीचं सांगतो, कारण गोधडी तिची.

वैशाली आमची सून. बेसाला राहतात, चौथ्या मजल्यावर. पोरगी चांगली, कामाची, पण मनात ठेवणारी. आमच्या हिच्या मनात काहीच राहायचं नाही, जे यायचं ते तोंडातून बाहेर पडायचं. अशा दोन बायांचं जमायला वेळ लागतो. त्यात वैशालीची आई वारली. उमरेडला अंगणवाडीत होत्या, स्वभावानं फार मवाळ. तेरवीला आम्ही गेलो. जेवणं झाली, बाया बसल्या होत्या. चंद्रकला म्हणाली, "वैशाली, तुह्या मायच्या साड्या कुठी हायेत? आण इकडं. फाडतो अन् गोधडी लावतो तुह्यासाठी."

सगळ्या बायांनी माना वर केल्या.

वैशाली म्हणाली, "आई, त्या साड्यांना कोणी हात लावायचा नाही," आणि आत निघून गेली.

येताना बसमध्ये ही मला म्हणते, "मी काय खराब बोललो जी?"

"वेळ पाहून बोलावं माणसानं."

"थंडी वेळ पाहून वाजते का?"

मी खिडकीबाहेर पाहू लागलो. तिचंही चूक नव्हतं. तिला दुसरं सांत्वन करता येतच नव्हतं. कोणी मेलं की लोक म्हणतात, देवाची मर्जी. ही म्हणायची, साड्या कुठी हायेत.

त्यानंतर वैशाली फोन माझ्याशी करायची. सणाला यायची, पाया पडायची, ताट वाढायची, "हो आई, नाही आई" एवढं बोलायची आणि जायची. अशी कितीतरी वर्षं गेली. चंद्रकलानं सगळ्या नात्यागोत्याला गोधड्या दिल्या, मेहुण्याच्या सुनेला दिली, मंदाबाईच्या पोरीला दिली. सुनेला नाही. लोक विचारायचे. ही म्हणायची, "कापड आलं नाही अजून." जसं काही गिरणीतून यायचं आहे.

मग दिवाळी झाल्यावर एका रविवारी वैशाली एकटी आली. हातात कापडी पिशवी. तिनं कपाटातून आईच्या साड्या उन्हात घालायला काढल्या होत्या. पिवळी साडी उलगडली तर घडीघडीवर वेगळी झाली, हात न लावता. आत डांबराच्या गोळ्या होत्या, कुलूप होतं, सगळं होतं. तिनं पिशवी हिच्यापुढे ठेवली.

"आई, ही घडीवरच फाटली."

मी दाराकडे सरकलो. मला वाटलं आता ही म्हणणार, मी म्हटलं होतं. ती संधी कोणती बाई सोडते? चंद्रकलानं साडी काढली, काठ दोन बोटांत धरला, चोळला. बराच वेळ चोळला.

"जेवली का?" तिनं विचारलं.

"नाही."

"मंग बस."

वांग्याची भाजी आणि पोळी वाढली. वैशाली जेवली. ताट उचलल्यावर ही विचारते, "माय तुही तोंड पुसून द्यायची का तुह्ये, पदरानं?"

"हो. कायमच. शाळेतून आलं की पहिले तोंड पुसायची."

"मंग थो पदर उशाकडं टाकू. तोंडापाशी येईन."

यावर वैशाली जी बोलायला लागली ती थांबलीच नाही. आई कशी होती, अंगणवाडीतली खिचडी कशी करायची, हिरवी साडी कोणत्या लग्नात घेतली. ही ऐकत होती आणि मधे मधे "हव", "मंग" म्हणत होती. बोलता बोलता हिचा हात कात्रीकडे गेला. मी चप्पल घातली.

परत आलो तर साडीचं एक टोक वैशालीच्या हातात, एक हिच्या. समोरासमोर बसून दोघी ओढत होत्या. दोघींची नाकं लाल होती. जुन्या कपड्याची धूळ लय उडते.

मग गोधडी सुरू झाली. वैशाली दर रविवारी बेसाहून यायची, बसायची, जायची. शिवू दिलं नाही तिला, फक्त बसायचं. चंद्रकलाची पद्धत अशी, कापडाचे थर पसरायचे, चारही कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, जे जड मिळेल ते ठेवायचं आणि काठापासून टाका धरायचा. काठाकाठानं एक फेरा, मग आत दुसरा, मग तिसरा. गोल फिरत फिरत मधापर्यंत. शिवत शिवत ती पुढे सरकायची आणि शेवटी गोधडीच्या मधोमध जाऊन बसायची. चारी बाजूंनी तिचे टाके आणि मधात ती. मी तिला म्हणायचो, "आता तुले बाहेर कोण काढणार?" ती म्हणायची, "तुम्ही पहिले सुई ओवा."

वैशालीची गोधडी काठापासून बरीच आत आली होती. मधात टॉवेलाएवढी जागा राहिली होती. तेवढ्यात ते चहाचं झालं.

तेरवी झाली. प्रशांत म्हणाला, "बाबा, चला बेसाला." मी म्हटलं, "चौथ्या मजल्यावर माणसाले थुंकाची सोय नसते." तो समजला. वैशाली पेटीवरच्या गोधडीकडे पाहत होती. ती मनात ठेवणारी. जाताना तेवढं म्हणाली, "बाबा, जेवत जा."

हिची कोणतीही गोधडी कधी अर्धी राहिली नव्हती. एवढी एकच, आणि ती सुनेची. उद्या गल्लीत बाया म्हणाल्या असत्या, सासूनं शेवटपर्यंत सुनेची गोधडी केली नाही. बायांचं सोडा. वैशालीनं तिच्या आईच्या साड्या हिच्या हातात दिल्या होत्या. त्या अशा अर्ध्या टाक्यात पेटीवर पडून राहतात का? एक दिवस मी पाटा-वरवंटा काढला आणि गोधडी पसरली.

सुया ओवलेल्याच होत्या. साबणात जशा खोचल्या होत्या तशाच उभ्या. पहिली काढली आणि शिवायला बसलो. आता मी विणकर. माझा हात एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ जातो आणि सरळ परत येतो. धोट्याला दुसरा रस्ता माहीत नाही. मी मधल्या जागेत आडव्या ओळी घातल्या, एकीखाली एक, अशा सरळ की दोरी लावून पाहा. मनात म्हटलं, चंद्रकला, तुले इतकं सरळ जन्मात आलं नाही. शेवटच्या ओळीला पोचलो तर सगळा कपडा पुढे ढकलत ढकलत एका बाजूला जमा झालेला. गोधडीला पोट आलं.

मंदाबाई कंपाउंडच्या भिंतीवरून पाहत होती.

"भाऊजी, हे गोधडी होय का फुगली पुरी?"

"तुमचं काम नाही."

"चंद्रकलाबाई गोल फिरे. गोल फिरलं म्हणजे झोळ मधात येते अन् मधात जिरते. तुम्ही तर लुगडं विणून राहिले."

"मले माहीत हाये."

माहीत नव्हतं. इतकी वर्षं समोर बसून पाहिलं, पण मी सुईकडे पाहायचो, दोरा संपला की नाही ते. ती फिरते कशी ते कधी पाहिलं नाही. सगळे टाके उसवले. तिच्या टाक्यांना हात लागू नये म्हणून माझे तेवढे ब्लेडनं कापले. मग जिथं तिनं सोडलं होतं तिथून गोल धरलं. तिचे टाके तांदळाएवढे, माझे तुरीच्या शेंगेएवढे. तिनं ओवायला लावलेल्या सुया संपल्या. रिकाम्या झालेल्या परत ओवल्या, ते काम मला येतच होतं. शिवत शिवत मी पण आत सरकत गेलो. टाक्याएवढी जागा सोडून एक ओवलेली सुई साबणात ठेवली, साबण पिशवीत घातला आणि बसनं बेसाला गेलो.

वैशालीनं गोधडी पलंगावर पसरली. पिवळ्या पट्टीवर हात ठेवला, हिरव्यावर ठेवला. उशाकडचा पदर तोंडाला लावला. मग टाक्यांवरून बोट फिरवत फिरवत मधाकडे आली आणि थांबली.

"इथून तुम्ही."

"इतकं दिसते का?"

"आंधळ्याला पण दिसेल बाबा."

प्रशांत हसला. मी पण हसलो. चंद्रकला गेल्यावर पहिल्यांदाच, असं मला नंतर वाटलं. मी सुई पुढे केली. तिनं घेतली, जागेवर नेली आणि धरूनच राहिली.

"याच्यात आईंचं काय आहे?"

"सगळं तिचंच तर हाये. हात तिचा."

"कापड?"

मी म्हटलं, "नेम तसा नाही बाई. ज्याची गोधडी त्याच्या माणसाचं कापड. तुह्या आईचं टाकलं तिनं. तिचं स्वतःचं ती कधी टाकत नव्हती कोणाच्या गोधडीत."

"मग त्या माझ्या कोण होत्या?"

प्रशांत म्हणाला, "अगं घाल ना टाका. बाबा दमून आले."

तिनं सुई परत साबणात खोचली. हळूच, जशी चंद्रकला खोचायची तशी, आडवी. "मी घालणार बाबा. पण मी पुरी झालेल्या गोधडीत घालणार. ही पुरी नाही."

मी खूप समजावलं. पेटीत काही नाही म्हटलं. चंद्रकलाच्या साड्या वाटून टाकल्या म्हटलं, आणि ते खरंही होतं, मंदाबाईनं नेल्या होत्या. वैशालीला पेटीचा तळ माहीत होता. दिवाळीच्या साफसफाईला ती हाताशी असायची. पण तिनं लुगड्याचं नाव काढलं नाही. फक्त गोधडीची घडी करायला दोन कोपरे माझ्या हातात दिले.

"बाबा, तुमच्याकडचा ढिला आहे," ती म्हणाली.

नेली तशी परत आणली. बसमध्ये मांडीवर ठेवली होती. शेजारचा माणूस म्हणाला, काका, थंडी तर गेली. मी म्हटलं, हव.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा केला, उतू जाऊ न देता. प्यालो. पेटीचं कुलूप काढलं. तळातून लुगडं काढलं. दारात उजेडाला बसून उलगडलं. रंग गेला होता, काठ तेवढा लाल होता. घड्यांवरून बोट फिरवलं. तिनं दरवर्षी बदललेल्या घड्या ठीक होत्या. शेवटची घडी बदलायला आता ती नव्हती, तिथले धागे सैल व्हायला लागले होते. काही दिवसांनी आपोआप सुटले असते.

पानठेला उघडला होता. शटरचा आवाज इथपर्यंत येतो. चप्पल दारातच होती.

काठाला कात्रीनं खाच दिली. दोन्ही हातांत धरलं आणि ओढलं. माझं विणलेलं होतं, सरळ फाटलं.

भिंतीपलीकडे भांडी घासायचा आवाज थांबला. मंदाबाई भिंतीपाशी आली. मग म्हणाली, "भाऊजी, काय झालं जी? मले वाटलं चंद्रकलाबाई बसली गोधडीले."

"मीच बसलो."

तुकडा मधात, वैशालीच्या टाक्यासाठी सोडलेल्या जागेवर बसेल एवढा काढला. गोधडी पसरली. माझ्या बाजूला पाटा ठेवला, तिच्या बाजूला वरवंटा. तिकडचा कोपरा ढिला दिसला. उठलो, ताणला. मग मधात जाऊन बसलो.